न झिजलेली रबरं

आमच्या दुकानाच्या काउंटरवर काचेची एक बरणी आहे. तिच्यात सायकलच्या ब्रेकची छत्तीस रबरं आहेत. दर वर्षाची चार, अशी नऊ वर्षांची. बघाल तर वाटेल कालच खोक्यातून काढली. नऊ वर्षं मी ती बरणी गिऱ्हाइकांच्या नाकासमोर नाचवत आले. "आमचे मास्तर," मी म्हणायची, "पंधरा दिवस डोंगरात सायकल हाणून येतात आणि ब्रेकला हात लावत नाहीत. बघा, रबराला ओरखडा तरी आहे का." गिऱ्हाईक बरणी फिरवून बघायचं, मान डोलवायचं आणि पंक्चरसाठी आणखी अर्धा तास गुपचूप थांबायचं.

मी सायकल मिस्त्री आहे. वडिलांचं दुकान, त्यांच्यामागे मी चालवते. दुकान खाली, घर वर, मधे बारा पायऱ्यांचा जिना. गाव इतकं सपाट की सांडलेलं पाणीसुद्धा कुठे जावं ते न कळून जागच्या जागी सुकतं. इथे ब्रेक लागतो तो फक्त ओळखीचं कुणी दिसलं तर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा जो गाढवपणा दिसणार आहे त्याचं मूळ यात आहे.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात नकाशा टांगून डोंगर शिकवायचे आणि स्वतः डोंगर कधी पाहिलेला नव्हता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की शरदाच्या सुट्टीत एकट्याने सायकलवर जायचं. चार दिवस शेतातून, मग घाट ओलांडून डोंगरापलीकडे, आणि परत. मी आधी हसले. मग त्यांची सायकल सुटी करून पुन्हा जोडली. दोन्ही चाकांचा आऊट काढला म्हणजे डगमग घालवली, छर्रे बदलले, चार नवी रबरं बसवली. ते निघाले तेव्हा सगळी गल्ली रस्त्यावर आली होती, आणि ती गोळा केली होती मी. मास्तर लाजून लाल झाले होते.

परत आले ते वाळून, उन्हाने रापून, आणि बोटं काळीकुट्ट. ती काळी बोटं मी रॉकेलने घासली, साबणाने घासली, डाग निघेना. "चेन बसवायला तासभर लागला असणार तुम्हाला," मी म्हणाले. "सगळं ग्रीस हातालाच." मग सायकल ओव्हरऑइलिंगला घेतली. एरवी दुकानात पाय न ठेवणारा हा माणूस त्या दिवशी स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमधून मी चिमटीने वाळलेल्या पानांचा चुरा काढला. मग ब्रेक उघडले, आणि बघते तर काय, रबरं कोरी.

"अहो, ब्रेक लावला नाहीत की काय?"

"तुला काय वाटतं?" मास्तरांनी विचारलं.

"मला काय वाटायचंय? समोर दिसतंय की. उतारावर सुसाट सोडता सायकल. एक दिवस मान मोडून घ्याल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले आणि स्टूल जागेवर ठेवून वर गेले. दर वर्षी हेच. तीच काळी बोटं, तीच कोरी रबरं, तेच स्टूल, तोच प्रश्न. दर वर्षी मी तोंड भरून शिव्या घालायची आणि बाहेर जाऊन छाती फुगवून सांगायची. गल्लीत त्यांचं नाव 'घाटाचा वाघ' पडलं. ते मीच पाडलं.

या वसंतात ते गेले. टायरांचा नवा माल आला होता. माझे हात ग्रीसचे, म्हणून मी त्यांना म्हणाले, गठ्ठे वर माळ्यावर टाका. तीन गठ्ठे त्यांनी नेले. चौथा खांद्यावर घेऊन सातव्या पायरीवर थांबले, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "मिस्त्रीबाई, जरा थांबतो." मी चाकावर वाकलेली. मान वर न करता मी म्हणाले, "नऊ वेळा डोंगर चढलेला माणूस, आणि सात पायऱ्यांत दम लागला? नाटकं पुरे." मग गठ्ठा खाली गडगडत आला. त्यामागे काही आवाज झाला नाही. मी वर बघितलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते.

एकतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना हजार बोलणी ऐकवली असतील. पण शेवटचं हे. ते वाक्य माझ्या घशात हाडासारखं अडकलं. जेवताना टोचायचं, चाक फिरवताना टोचायचं. म्हणून शरद आला तेव्हा मी ठरवलं की त्यांच्याच सायकलवर, त्यांच्याच वाटेने जायचं. तो घाट चढून बघायचा. जो माणूस तेवढं चढायचा त्याला सात पायऱ्यांवर दम लागतो म्हणजे काहीतरी वेगळंच होतं, आणि मला ते कळायला हवं होतं, हे एकदा स्वतःच्या छातीने समजून घ्यायचं. माफी कुणाकडे मागणार? निदान त्या माथ्यावर उभं राहून मागता येईल असं वाटलं.

लेक फोनवर म्हणाली, "आई, तू बाजाराच्या पुढे कधी सायकल नेली आहेस का?"

"नेली नाही. पण चारशे सायकली जोडल्या आहेत."

"त्यात आणि यात फरक आहे."

"तो बघायलाच चाललेय," मी म्हणाले. समोरच्या शिंपीदादांनी कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवून दिल्या, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या. माप घ्यायच्या निमित्ताने दोनदा विचारून गेले, "नक्की जाताय ना, वहिनी?" मी चार नवी रबरं बसवली, हँडलवरच्या पिशवीत मास्तरांच्या पहिल्या प्रवासाची वही ठेवली आणि निघाले.

पहिले चार दिवस शेतं. कापणी झालेली, खुंटं उभी, मधूनच भोपळे तसेच पडलेले. ट्रॅक्टरवाले हात करायचे. वारा समोरून आला की मी त्याला नावं ठेवायची, मागून आला की काही बोलायची नाही. वहीत मास्तरांनी लिहिलं होतं: 'बूड इतकं दुखतंय की उभ्यानेच जेवलो.' मीही उभ्यानेच जेवले. 'पुलाजवळच्या चहावालीने साखर टाकली नाही, विचारलं तर म्हणाली, गोड हवं असेल तर घरी जा.' ती चहावाली अजून तिथेच होती आणि अजून तशीच होती. मी एकटीच खदाखदा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. वाटलं, मास्तर पुढच्या वळणावर थांबले असतील पाणी पीत.

चौथ्या दिवशी दुपारी डोंगर समोर आले. वहीत लिहिलं होतं: 'चढाच्या पायथ्याशी अक्रोडाची बाग, बाई भल्या आहेत.' तिथे फाटकापाशी एक मोठा तांबडा कुत्रा पडला होता. माझ्या सायकलच्या फ्रीव्हीलची टकटक ऐकली मात्र, ताडकन उठला आणि माझ्यामागे लागला. मी जिवाच्या आकांताने पायडल मारलं. तो भुंकत, उड्या मारत, शेपूट हलवत फर्लांगभर आला. चावायला येणारा कुत्रा शेपूट कशाला हलवेल, एवढा विचार करायला मला उसंत नव्हती. बागेत उतरायचा बेत रद्द केला आणि पुढच्या वस्तीत खोली घेतली.

पाचव्या दिवशी सकाळी घाट चढायला लागले. खोटं कशाला सांगू, निम्मा रस्ता सायकल ढकलत गेले. पानं पिवळी, तांबडी, रस्त्यावर खच पडलेला. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. प्रत्येक वळणावर थांबायची आणि मनात म्हणायची, मास्तर, तुम्ही हे नऊ वेळा केलंत? आणि मी तुम्हाला काय म्हणाले! दुपारी बाराच्या सुमाराला माथ्यावर पोचले. मागे आमच्या बाजूची शेतं, पुढे डोंगरच डोंगर. मी सायकल दगडाला टेकवली आणि मोठ्याने म्हणाले, "चुकले हो मी." रडले. हलकं वाटलं. खरंच सांगते, सुटल्यासारखं वाटलं. ते समाधान अर्धा तास टिकलं.

कारण मग उतार सुरू झाला.

मी ब्रेक लावत नव्हते आधी. मास्तरांसारखं उतरायचं असं डोक्यात घेतलं होतं. पहिल्या वळणाआधीच सायकलने असा वेग घेतला की डोळ्यांतून पाणी आलं आणि रस्ता एकदम डावीकडे मुडपला. समोर बांध गुडघ्याएवढा आणि पलीकडे नुसती हवा. मी दोन्ही ब्रेक आवळले. सायकल किंचाळली. बांधाला घासून थांबले. असली एकंदर बावीस वळणं होती. चौदा किलोमीटर मी ब्रेक धरून उतरले. बोटं बधिर झाली, जळक्या रबराचा वास नाकात बसला. खाली सपाटी लागली तेव्हा एका मोरीच्या कठड्यावर बसले आणि सवयीने चाकाला हात लावला. रिम चटका बसेल इतकी तापली होती.

सवयीनेच पाना काढला आणि ब्रेक उघडले. रबरं हातात घेतली. अर्धी झाली होती. सकाळी नवी कोरी होती ती, आणि एका उतारात अर्धी झाली होती. कडा जळून काळ्या, मधे खाच पडलेली.

मी त्या रबरांकडे बघत बसले. आधी डोक्यात काहीच शिरेना. मग एकेक करून शिरायला लागलं. जाताना एक घाट, येताना तोच घाट, पलीकडे वहीत लिहिलेले आणखी तीन. एवढं करून कुणाचीही रबरं कोरी राहणार नाहीत. वाघाची नाहीत, सिंहाची नाहीत. ब्रेक न लावता हा घाट उतरणारा माणूस घरी येत नाही. तीस वर्षं मी ब्रेक बसवते आहे आणि एक उतार किती रबर खातो हे मला ठाऊक नव्हतं, कारण आमच्या गावात उतारच नाही.

दुधाची गाडी जवळ येऊन थांबली. गाडीवाल्याने मान बाहेर काढली. "काय झालं, ताई? पडलात का?"

"ब्रेक झिजले," मी म्हणाले.

"झिजणारच. घाट आहे हा."

"न लावता उतरतं का कुणी?"

त्याने दरीकडे हनुवटी केली. "उतरतात की. त्या बाजूने, सरळ. पण मग पुन्हा वर यायचा त्रास राहत नाही." तो हसला, माझा चेहरा बघितला आणि हसायचा थांबला.

मी वही काढली. चार दिवसांची पानं घामाने फुगलेली, चहाचे डाग, बूड, चहावाली, पंक्चर, शिव्या. पाचव्या दिवसापासून पानं स्वच्छ. घाटाची उंची मीटरमध्ये. बावीस वळणं. नद्या कुठून कुठे वाहतात. पाऊस किती पडतो. एकही माणूस नाही, एकही चहा नाही, कुठलाही अवयव दुखत नाही. हे वर्गातलं होतं. नकाशावरून उतरवलेलं. नऊ वर्षं मी या वह्या कौतुकाने कपाटात लावून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीची पहिली दहा पानं सोडून पुढे वाचलं नव्हतं. मला वाटायचं, भूगोल आहे, आपल्याला काय कळतंय.

मास्तर इथे कधी आलेच नव्हते. मग पंधरा-पंधरा दिवस होते कुठे? सायकलच्या चाकाला लावलेला मीटर तर अकराशे किलोमीटर दाखवायचा. चेन झिजलेली असायची. फ्रीव्हीलमध्ये पानांचा चुरा. काळी बोटं. आणि एक तांबडा कुत्रा, शेपूट हलवणारा. आणि वहीतलं ते 'बाई भल्या आहेत'. माथ्यावरची माफी माझ्या तोंडात आंबट झाली. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मी गाडीवाल्याला म्हणाले, "दादा, मला घाटापलीकडे सोडाल? अक्रोडाच्या बागेपाशी?" त्याने काही न विचारता सायकल रिकाम्या कॅनांवर आडवी टाकली.

दुपार कलताना त्याने मला फाटकापाशी उतरवलं. कुत्रा आला, या वेळी मी पळाले नाही. तो माझ्याकडे ढुंकूनही न बघता सायकलभोवती नाचला, सीट हुंगली, कॅरिअर हुंगलं, मग रस्त्याकडे तोंड करून बसून राहिला. कुणाची तरी वाट बघत.

झाडांखालून एक बाई आली. सत्तरीची, डोक्याला रुमाल, आणि मनगटापर्यंत काळे हात. तोच काळा. ग्रीस नव्हतं ते. तिच्यामागे हिरव्या फळांचा ढीग होता आणि साली सोललेल्या जागी जमीनही तशीच काळी झालेली. तीस वर्षं ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या बाईला ग्रीस कोणतं आणि अक्रोडाच्या सालीचा डाग कोणता हे ओळखता आलं नाही. रॉकेलने निघत नव्हता तेव्हाच कळायला हवं होतं. ग्रीस रॉकेलने निघतंच.

तिने सायकल पाहिली, मग माझ्यामागे रस्त्यावर पाहिलं. "मास्तर मागे राहिले का?"

"मी त्यांची बायको," मी म्हणाले. माझ्या आवाजाला धार होती. मी भांडायलाच आले होते. "मास्तर वसंतातच गेले."

ती होती तिथेच खाली टोपलीवर बसली. हातातला अक्रोड उलटासुलटा केला. मग हळूच म्हणाली, "चढताना का?"

मी पुढे झाले. "तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणजे त्यांनी सांगितलंच नाही शेवटपर्यंत," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. पहिल्या वर्षी मास्तर घाट चढायला निघाले आणि पहिल्याच वळणावर कोसळले. तिने आणि तिच्या मुलाने उचलून वस्तीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्या आहेत. सपाटीवर सायकल चालवा, हरकत नाही. पण चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा हे बायकोला सांगायचं.

"त्या वर्षी मधला आठवडा इथेच राहिले, आणि पुढे दर वर्षी तसेच यायचे. मी त्यांना झाडावर चढू द्यायची नाही. खाली बसून साली काढायचे आणि मला नद्यांची नावं शिकवायचे. सकाळी नदीच्या बांधाने सपाटीवर लांबवर सायकल मारून यायचे. म्हणायचे, मीटर तरी खरा असू दे."

"आणि मला का नाही सांगितलं?" मी ओरडलेच. "मी काय खाल्लं असतं त्यांना?"

"मी हेच विचारलं. म्हणाले, तिचे वडील दुकानात हातात पाना घेऊन गेले. त्यानंतर वर्षभर ती आईच्या उशाशी श्वास मोजत बसली, दुकान बंद ठेवून. माझं तिला कळलं तर माझाही श्वास मोजत बसेल. आणि गल्लीभर सांगून बसली आहे बिचारी. तिची मान खाली जाईल." तिने माझ्याकडे पाहिलं. "पण सांगायचं नव्हतं असं नाही हो. दर वर्षी निघताना म्हणायचे, यंदा मिस्त्रीबाई ओळखणार. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. रबरं बघेल आणि विचारेल, मास्तर, तुम्ही घाट चढलाच नाहीत ना? मग मी हो म्हणेन. मला तोंड उघडावं लागणार नाही."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"माझा मुलगा एकदा म्हणाला, दगडावर घासून देऊ का रबरं, म्हणजे शंका नको. तर इतके चिडले. म्हणाले, तेवढं खोटं मी करणार नाही. ते एवढंच तर खरं घेऊन जातो मी घरी."

स्टूल ओढून बसायचे. 'तुला काय वाटतं?' विचारायचे. नऊ वर्षं तो माणूस माझ्यासमोर बसून वाट बघत होता, आणि मी त्याने समोर ठेवलेलं खरं बरणीत भरून लोकांना दाखवत होते. राग कुठल्या कुठे गेला. राग उरला असता तर बरं झालं असतं. मी त्या बाईला जिन्यावरचं सांगितलं. चौथा गठ्ठा, सातवी पायरी, आणि माझं वाक्य, जसंच्या तसं. लेकीलाही सांगितलं नव्हतं ते. तिने माझं सांत्वन वगैरे केलं नाही. 'असू दे' म्हणाली नाही. उठून आत गेली, खुंटीवरचा एक एप्रन घेऊन आली. त्याच्या खिशात मास्तरांचा जुना चष्मा होता.

"गोळ्या घ्यायचे ना ते?" मी विचारलं.

"शाळेत ठेवायचे म्हणत. नकाशांच्या कपाटात."

मी तिथे आठ दिवस राहिले. साली काढल्या. कुत्रा पहिले तीन दिवस रस्त्याकडे तोंड करून बसला, चौथ्या दिवशी माझ्या पायाशी आला. परत निघाले तेव्हा माझी बोटं काळी झाली होती आणि मी ती धुवायचा प्रयत्नही केला नाही.

गल्लीत शिरले तेव्हा भर दुपार होती. शिंपीदादा गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आले. "आल्या! वाघीण आली! काय वहिनी, चढलात का घाट? मास्तरांसारख्या, ब्रेक न लावता?"

खोटं बोलणं सोपं होतं. मास्तरांचं नाव राहिलं असतं. माझंही राहिलं असतं. मी काउंटरवरची बरणी पुढे ओढली आणि माझी अर्धी झिजलेली चार रबरं तिच्याशेजारी मांडली.

"हा एका उताराचा झिजलेला माल आहे," मी म्हणाले. "मास्तर घाट कधीच चढले नाहीत, दादा. त्यांचं हृदय आजारी होतं. नऊ वर्षं. आणि त्यांनी मला नऊ वेळा सांगितलं. मला कळलं नाही."

शिंपीदादांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बरणीतल्या रबरांकडे पाहिलं, माझ्या चार रबरांकडे पाहिलं. मग माणूस अशा वेळी करतो तेच त्यांनी केलं, कामाला लागले. सायकलवरच्या पिशव्या सोडल्या, दोन्ही खांद्यांना अडकवल्या आणि जिना चढायला लागले. त्यांनीच शिवलेल्या पिशव्या, आत अक्रोड भरलेले.

सातव्या की आठव्या पायरीवर ते थांबले. भिंतीला हात लावला.

"जरा थांबतो हं," शिंपीदादा म्हणाले.

सवय मेली कुठे जाते? माझ्या जिभेवर आलंच होतं, इतक्याशा पिशव्यांनी काय होतंय म्हणून. मी ओठ घट्ट मिटले. मग जिना चढून त्यांच्यापाशी गेले आणि दोन्ही पिशव्या खांद्यांवरून उतरवून घेतल्या.

"बसा," मी म्हणाले. "आधी खाली बसा."

"अहो काही नाही. वय झालं आता, वहिनी."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. जिन्यातून खाली काउंटर दिसत होता, आणि बरणी. "दादा, खरं सांगा मला. केव्हापासून होतंय असं?"

ते गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले. मी घाई केली नाही.

"मागच्या हिवाळ्यापासून," शेवटी ते म्हणाले. "घरी सांगितलं नाही अजून."

मी त्यांना पाणी दिलं, त्यांच्या बायकोला हाक मारली, दुकानाचं शटर खाली ओढलं, आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो.